पत्रिका तिची, काळजी त्याची



मे २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे एक जामीनअर्ज आला. लग्नाचं वचन देऊन बलात्कार केला, अशी एका बाईची तक्रार होती. आरोपीचे वकील म्हणाले, तिला मंगळ आहे, म्हणून लग्न होऊ शकत नाही. तिचे वकील म्हणाले, तिला मंगळ नाही. न्यायालयाने दोघांच्या पत्रिका लखनौ विद्यापीठाच्या ज्योतिष विभागप्रमुखांकडे द्यायला सांगितल्या आणि तिला मंगळ आहे की नाही, याचा अहवाल मागवला! सर्वोच्च न्यायालयाने ३ जूनला आपणहून दखल घेऊन या आदेशाला स्थगिती दिली.

स्थगिती मिळाली हे बरंच झालं. पण 'तिला मंगळ नाही' असं तिच्या बाजूनेही सांगावं लागलं, हे आम्हाला जास्त टोचतं. समजा, असता तर?

पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की दोष. बारा स्थानांपैकी पाच. म्हणजे ढोबळमानाने पाचांत दोघांना मंगळ असणारच, आणि त्यात मुलगेही तेवढेच. तरी मंगळाची मुलगी म्हटलं की आईबापांच्या पोटात गोळा येतो, तोडगा म्हणून तिचं आधी कुंभाशी लग्न लावलं जातं. मूळ नक्षत्राची सून सासऱ्याला वाईट, आश्लेषाची सासूला, ज्येष्ठाची थोरल्या दिराला, विशाखाची धाकट्याला. सुनेला वाईट असा सासरा कुठल्या नक्षत्रावर जन्मतो, हे काही कुणी सांगत नाही.

हे केवळ गल्लीतल्या ज्योतिषाचं अज्ञान नव्हे. वराहमिहिराच्या बृहज्जातकात स्त्रीजातकाचा वेगळा अध्याय आहे. बाईला लागू न पडणारी फळं तिच्या नवऱ्याची म्हणून सांगावीत, असं तिथे आहे. आठव्या स्थानावरून तिचं वैधव्य पाहायचं. छत्तीस गुणांतला वर्णाचा गुण तर मुलाचा वर्ण मुलीच्या बरोबरीचा किंवा वरचा असेल तरच मिळतो.

बंगळूरच्या बी. व्ही. रामन (१९१२–१९९८) यांनी इंग्रजी पुस्तकं आणि 'द ॲस्ट्रॉलॉजिकल मॅगझिन' यांतून हे शास्त्र शिकल्यासवरल्या घरांत नेलं. त्यांच्यानंतर मुलगी गायत्रीदेवी वासुदेव यांनी ते मासिक २००७ पर्यंत चालवलं. मंगळाला अपवाद सांगितले गेले; पण अपवाद म्हणजे सुटका, आणि सुटका मागायची ती मुलीच्याच बापाने. आता संगणक क्षणात गुण जुळवतो. मोजपट्टी तीच.

२००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या ज्योतिषांची चाचणी घेतली. पत्रिका हुशार मुलाची की बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाची, एवढंच ओळखायचं होतं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी निम्मीही बरोबर आली नाहीत. नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं!

पण आपल्याकडे येणाऱ्या कित्येकजणी आधी ज्योतिषाकडे जाऊन आलेल्या असतात, त्यांना हसू नये. तिथे निदान अर्धा तास कुणीतरी त्यांचं ऐकून घेतलेलं असतं. पोलीस चौकीत तेवढंही होत नाही.

तुमच्याकडे, तुमच्या बहिणीकडे, लेकीकडे पत्रिका मागितली गेली तेव्हा घरात काय झालं? दिलीत, नाकारलीत, की गुपचूप दुसरी करून घेतलीत? नाव नको असेल तर न लिहिता कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.