सावली हवी, पण कोणासाठी?



तापलेले चौक झाडे लावून थंड करायचे आणि त्या झाडांना पावसाचे साठवलेले पाणी यंत्राने द्यायचे, अशा योजनांची सध्या बरीच चर्चा आहे. मातीतला ओलावा मोजणारे उपकरण असते, माती सुकली की नळी आपोआप सुरू होते. कल्पना चांगली आहे. बीडला तर ती हवीच. झाड सावली देते, शिवाय पानांतून बाष्प सोडून भोवतीची हवाही निववते. डांबर आणि सिमेंट मात्र दिवसभर तापतात आणि रात्री ती धग बाहेर टाकतात.

पण भर उन्हाळ्यात दुपारी 2 वाजता चौकात असते कोण? गाडीवाला काच वर करून निघून जातो. भाजीची पाटी मांडून बाई तिथेच बसलेली असते. ती तहान मारते, कारण पाणी प्यायले तर जायचे कुठे? फड असो की चौक, पाणी, संडास आणि विसावा नसलेल्या कामाची किंमत बाईचे शरीर मोजते. 2019 साली नीलम गोऱ्हे समितीसाठी जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशये काढलेली होती!

म्हणून आमचे म्हणणे असे, की झाडांच्या आराखड्यातच बाईचा संडास आला पाहिजे. पाणी पुरणार नाही हे कारण आम्हाला पटत नाही. 500 चौरस मीटरच्या सरकारी छपरावर 600 मिलिमीटर पाऊस पडला तर 3 लाख लिटर पाणी होते. गळती वजा जाता 2 लाख तरी हाती येते. 50 रोपांना आठवड्याला प्रत्येकी 20 लिटर धरले, तर आठ कोरड्या महिन्यांना 35 हजार लिटर पुरते. टाकी 1 लाखाची बांधली तरी उरलेल्यावर चौकातला संडास चालेल. पाण्याची हुशारी बीडला नवी नाही. निजामशाहीतली खजाना बावडी भुयारी वाटेने, निव्वळ उताराच्या बळावर शेतांना पाणी देत आली आहे.

पालवणच्या सह्याद्री देवराईत फेब्रुवारी 2020 मध्ये वृक्षसंमेलन भरले, त्याचे कौतुकच आहे. पण भाजीवाली टेकडीवर बसत नाही.

आम्हाला भीती आहे ती सुशोभीकरणाची. झाड आले की त्याला जाळी येते, कारंजे येते, आणि पाटीवालीला उठवले जाते. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार पाहणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीतल्या विक्रेत्यांच्या जागांपैकी एक तृतीयांश बायकांच्या आहेत. 1975 च्या वृक्ष कायद्यानुसार नगरपालिकेचे वृक्ष प्राधिकरण असते. या दोन्ही समित्यांची एकत्र बैठक आपण मागू या. कोणते झाड कुठे, हे तिथे बसणाऱ्या बायकांना विचारून ठरावे. लिंब, करंज, वड लावावेत, शोभेची खुजी झुडपे नकोत. आणि रोपे जगवण्याचे काम बचत गटाकडे दिले, तर ते सेवा म्हणून नव्हे, किमान वेतनाने.

पाऊस सुरू होण्याआधी प्रत्येक गटाने आपला एक चौक निवडून दुपारी 12 ते 4 तिथे बसावे. किती बाया बसतात, सावली किती पावलांवर आहे आणि संडास किती, हे वहीत लिहून आमच्याकडे पाठवावे.