संशोधकापुढे बंद झालेले दार

जनसंज्ञापनावरील संशोधन कसे असावे याचा एक वस्तुपाठ महाराष्ट्राच्या भूमीवरच घडला आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० खेड्यांत शेतकरी रेडिओ मंडळे चालविली. आठवड्यातून दोनदा गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. मंडळांच्या खेड्यांबरोबर नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओच नसलेली खेडीही त्यांनी तपासली. ज्ञानात लक्षणीय भर पडली ती मंडळांच्या खेड्यांत. निव्वळ यंत्राने फारसे काही साधले नव्हते.

पुढे १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकी उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचली. वर्ष आणीबाणीचे होते. खेड्यांना आकाशातून ज्ञान मिळत असताना वृत्तपत्रांवर सेन्सॉरचा पहारा होता. प्रयोग करणारे आणि तो तपासणारे एकाच सरकारी छत्राखाली होते, हा दोषच. तरीही मानवशास्त्रज्ञ खेड्यांत मुक्काम करून राहिले. संच कोठे आहे, त्यापुढे कोण बसते, हे डोळ्यांनी पाहता येत होते.

आज पीएच.डी.चा विद्यार्थी खेड्यात वर्षभर राहिला, तरी माणसे मोबाइलवर काय पाहतात एवढेच त्याला कळेल. तेच त्यांच्यापुढे का आले, हे ठरविणारी गणिते कंपनीच्या कुलपात आहेत. ट्विटरने २०२३ मध्ये संशोधकांना उपयोगी पडणारा मोफत प्रवेश बंद केला. फेसबुकच्या मालक कंपनीने 'क्राउडटँगल' हे साधन ऑगस्ट २०२४ मध्ये गुंडाळले. शिष्यवृत्तीवर गुजराण करणाऱ्याने मग काय करावे? महाविद्यालयीन तरुणांकडून प्रश्नावल्या भरून घ्याव्या आणि टक्केवारीचे तक्ते मांडावेत! अशा प्रबंधांनी कपाटे भरतात. मालकीचा प्रश्न अस्पर्शित राहतो. दोष केवळ विद्यार्थ्याचा नाही.

युरोपीय संघाने २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याने महाकाय कंपन्यांवर मान्यताप्राप्त संशोधकांना माहिती खुली करण्याचे बंधन घातले. भारतातील विद्यापीठांसाठी तशीच तरतूद मागितली पाहिजे. मात्र परवाने वाटण्याचा अधिकार मंत्रालयाकडे जाता कामा नये. तो स्वायत्त मंडळाकडेच हवा, आणि त्या मंडळावर ग्रामीण विद्यापीठांचे व कामगार संघटनांचे प्रतिनिधी असावेत.