आकडा तपासू नका, विद्यार्थी तपासा

‘रुग्णाच्या जिवाशी खेळ नको’ असे म्हटले की दिव्यांग विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाची चर्चा तिथेच मिटते. रुग्णाचा जीव मोलाचा, यात वाद नाही. पण प्रवेश नाकारणाऱ्यांनी तो जीव खरोखर डोळ्यांपुढे ठेवला होता का?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतील किमान 5 टक्के जागा किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखल्या. वाचा व भाषेच्या दिव्यांगत्वाबाबत 2019 ची वैद्यकीय नियमावली सांगत होती: 40 टक्क्यांच्या खाली असाल तर प्रवेश आहे, आरक्षण नाही, 40 किंवा त्याहून वर असाल तर प्रवेशच नाही. मग राखीव जागेवर बसणार होते कोण? मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेला एक विद्यार्थी याच पेचात सापडला होता. त्याचे दिव्यांगत्व 44-45 टक्के. वैद्यकीय मंडळाने प्रत्यक्ष तपासल्यावर तो अभ्यासक्रम पुरा करू शकतो, असा निर्वाळा मिळाला. ऑक्टोबर 2024 मध्ये न्यायालयाने बजावले की केवळ टक्केवारीवरून कुणाला अपात्र ठरवता येणार नाही. अडचण नेमकी कोणती, ते मंडळाने कारणांसह लिहिले पाहिजे.

वैद्यकीय प्रवेशासाठीची ‘दोन्ही हात शाबूत हवेत’ ही अटही फेब्रुवारी 2025 मध्ये न्यायालयाने अमान्य केली. कॅन्सरतज्ज्ञ डॉ. सुरेश अडवाणी यांचेच उदाहरण घ्या: लहानपणी पोलिओ झाल्यापासून ते चाकाच्या खुर्चीत आहेत. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजने त्यांना आधी प्रवेश नाकारला होता. भारतात अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा पाया घातला तो याच माणसाने. तो पहिला नकार कायम राहिला असता, तर नुकसान कॅन्सरच्या रुग्णांचे झाले असते.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. पुढे कुणी मानसोपचारशास्त्र निवडो की पॅथॉलॉजी, एमबीबीएसला प्रसूती, शस्त्रक्रिया, तातडीचे उपचार सगळ्यांनाच शिकावे लागतात. मान्य. म्हणूनच तपासणी हवी, आणि ती कडकही असू द्या. पण ती योग्य साधने आणि सोयी देऊन झाली पाहिजे. त्या सोयी द्याव्यात हे कायदाच सांगतो. त्यानंतरही एखादे आवश्यक काम जमत नसेल, तर नकार समजू शकतो.

मंडळांवर बसणाऱ्या डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे: शेरा मारण्याआधी समोरच्या मुलीला एवढे तरी विचारा, की बाई, हे काम तू कसे करशील?