स्पीकरची पेटी घरच्या घरी

घरात चांगले स्पीकर असावेत असे मुलांना वाटते, आणि दुकानातली किंमत ऐकून वडील गप्प बसतात. अशा घरांतील तरुण मुलामुलींनी स्पीकरची जोडी स्वतः बनवून पाहावी.

ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळतात. अंधेरी-बोरिवलीहून थेट स्लो लोकल आहे. घाटकोपर-मुलुंडकरांनी दादरला गाडी बदलावी. प्रत्येक पेटीसाठी वूफर, ट्विटर आणि क्रॉसओव्हर घ्यावा. ‘पीएमपीओ’च्या हजारो वॅटला भुलू नये, आरएमएस वॅट विचारावेत. आपल्या ॲम्प्लिफायरला 4 ओहमचा स्पीकर चालतो की 8 ओहमचा, हेही आधी पाहावे.

मात्र सगळे पैसे स्पीकरवर घालून पेटी कशीबशी ठोकू नका. वूफरचा पडदा हवा पुढे ढकलतो, तशी मागेही ढकलतो. पेटी नसेल तर मागचा आवाज पुढच्याला मारतो आणि ढोलकीचा घुमारा नाहीसा होतो. नवख्याला चारी बाजूंनी बंद पेटी सोपी. तिच्यात कोंडलेली हवा स्प्रिंगचे काम करते, म्हणून किटच्या कागदावरचे मापच ठेवावे. आतली उंची, रुंदी व खोली सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करा, 1000 ने भागा. उत्तर लीटरमध्ये येते. 40 × 24 × 22 म्हणजे सुमारे 21 लीटर. सातवीतल्या मुलीलाही हा हिशेब जमेल.

लाकूड 18 मिलिमीटरचे प्लायवुड असावे. भुशाचा बोर्ड पावसाळ्यात फुगतो. सांधे फेव्हिकॉल लावून स्क्रूने आवळावेत, कुठेही फट नको.

जोडणी ॲम्प्लिफायर बंद ठेवूनच करावी. त्याआधी सुट्या वूफरला 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा. पडदा बाहेर आला, तर सेलचे अधिक टोक जिथे लागले तेच वूफरचे अधिक. दोन्ही पेट्यांची जोडणी सारखी हवी. एक उलटी झाली तर घुमारा पुन्हा हरवतो.

आपल्या चाळीत भिंत दोन घरांची असते. पेटी भिंतीला टेकवू नये, खाली रबराचे तुकडे ठेवावेत. 2000 सालच्या नियमांनुसार राहत्या वस्तीत रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. पलीकडे कुणाचे मूल दहावीच्या अभ्यासाला बसलेले असते. चांगल्या पेटीतून हळू लावलेले गाणेही शब्दन् शब्द कळते.

या एका कामात मुलांना सुतारकाम, वायरिंग आणि गणित तिन्ही शिकायला मिळते. उद्या आवाज बिघडला, तर पेटी उघडायला त्यांना मेकॅनिकची वाट पाहावी लागणार नाही.