हैदराबाद रोडला नळदुर्ग लागते तेव्हा

सोलापुरातल्या आपल्या घरांना हैदराबादचा रस्ता नवा नाही. ईदची खरेदी असते, लग्नाचे जोडे आणायचे असतात, एखादी खाला किंवा फुफी तिकडे दिलेली असते. फजर पढून निघायचे आणि दुपारपर्यंत पोहोचायचे. या रस्त्यावर ४५ किलोमीटरवर नळदुर्ग लागते. गाडी मात्र थांबत नाही. मागे बसलेल्या मुलांचे डोके मोबाइलमध्ये आणि पुढे बसलेल्या अब्बांचे लक्ष घड्याळाकडे.

ही वाट फार जुनी आहे. बहमनींची राजधानी आधी गुलबर्गा, मग बीदर. पुढे विजापूर, अहमदनगर आणि गोवळकोंडा ही राज्ये आली. त्यांच्या फौजा, व्यापारी, सूफी आणि कारागीर याच मुलखातून ये-जा करत राहिले. आपण घरात बोलतो ती दखनी इथेच वाढली. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने ‘किताब-ए-नौरस’ हा गाण्यांचा ग्रंथ याच बोलीत लिहिला. मुलांना शाळेत तिच्यावरून कोणी हसले तर हे सांगावे.

सुरुवात सोलापूरच्याच भुईकोटापासून करा. संध्याकाळी त्याच्या बागेत भेळ खाणाऱ्यांना हा किल्ला हुंड्याच्या भांडणाचा आहे हे ठाऊक नसते. १५२४ च्या सुमारास अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा निकाह विजापूरच्या शहजादी मरियमशी झाला, तोही सोलापुरातच. किल्ला देण्याचे कबूल केले होते, असे निजामशाही म्हणत राहिली. आदिलशाहीने तो दिला नाही. त्यापायी दोन्ही राज्ये जवळपास चाळीस वर्षे अधूनमधून लढली. शेवटी चांदबिबी अली आदिलशहाच्या घरी नांदायला गेली, तेव्हा हा किल्ला तिच्यासोबत विजापूरकडे गेला. मेहेरचा विसर आणि दहेजची मोजदाद, हा रोग तेव्हाही होताच.

नळदुर्गला निदान दोन तास द्यावेत. बोरी नदीवर बंधारा घालून मुख्य किल्ला पलीकडच्या रणमंडळाशी जोडला आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे. १६१३ च्या सुमारास, दुसऱ्या इब्राहिमच्या काळात, मीर इमादीन याने तो बांधला. पावसाळ्यात नदी भरली की बंधाऱ्यावरून दोन धबधबे पडतात. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. डोक्यावरून नदी कोसळते आहे आणि खालच्या खोलीत उभ्या माणसाचा कपडा भिजत नाही. चारशे वर्षे ते दगड पाण्याचा मारा सोसत आहेत. इंजिनिअरिंगला जाणारा मुलगा किंवा मुलगी घरात असेल, तर त्यांना हे नक्की दाखवा.

त्याच रस्त्याने पुढे बसवकल्याण लागते, चालुक्यांची आणि महात्मा बसवेश्वरांची भूमी. तिथून थोडी वाट वाकडी केली की बीदर. तिथे ख्वाजा महमूद गवान यांचा मदरसा आहे, १४७२ चा. पडक्या अवस्थेतही भिंतीवरच्या रंगीत फरशा शिल्लक आहेत. वझीर असलेल्या या विद्वानाला १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या आरोपावरून सुलतानाने मारले, आणि त्यानंतर बहमनी राज्य सावरले नाही.

आता तक्रारीचा भाग. २०१४ मध्ये दख्खनच्या सल्तनतींची स्मारके युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यात गुलबर्गा, बीदर, विजापूर आणि हैदराबाद आहेत. सोलापूर, नळदुर्ग, परांडा नाहीत. इतिहासाने एक असलेली वाट राज्याच्या सीमेवर तुटली. पर्यटन खात्यांनी एकच नकाशा, एकच तिकीट, मराठी-कन्नड-उर्दू फलक असे काही केले तर या वाटेवर माणसे थांबतील. माणसे थांबली की चहावाला, रिक्षावाला, सोलापुरी चादर विकणारा, सगळ्यांची रोजी वाढते. आपल्या वस्तीतल्या पदवीधर पोरांना चार भाषा येतात. गाईड होण्यासाठी याहून मोठे भांडवल कोणते? आणि बायकांसाठी स्वच्छ शौचालय नसेल तर कुटुंब दुसऱ्यांदा येत नाही, एवढे साधे गणित अधिकाऱ्यांना कळायला हवे.

दोष आपल्याही पदरी आहे. भिंतीवर कोळशाने नाव आणि बदाम काढणारी पोरे कुठल्या एका समाजाची नसतात, आपलीही असतात. ‘हे आमच्या बादशहांचे’ अशी फुशारकी मला पटत नाही. परांड्याची मुलुख-ए-मैदान तोफ १६३२ मध्ये विजापूरला नेली ती मुरार पंडिताने. फारसीच्या जागी देशी भाषेत महसुलाचे दफ्तर आणले ते पहिल्या इब्राहिम आदिलशहाने. दगड फोडणारे, चुना मळणारे, हिशेब लिहिणारे या मातीतलेच होते. मग वारसाही सगळ्यांचाच.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाऊस चांगला झाला असेल तर नळदुर्गचे धबधबे पाहायला मिळतात. रविवारची गर्दी टाळा. डबा घरचा न्या, उष्टे आणि प्लास्टिक परत आणा. आधी पाणी महाल, मग उपली बुरुज. त्याच्या पायऱ्या उंच आहेत, गुडघे दुखणाऱ्या दादी-नानींना खाली सावलीत बसवावे. बंधाऱ्यावर शेवाळ असते. लहान मुलांचा हात सोडू नका आणि सेल्फीसाठी कडेला तर मुळीच जाऊ नका.