बेडकाचा आजार आणि कपड्यांची चमक



पौर्णिमेला विहारात जायचे म्हटले की आपल्या घरात पांढरे कपडे निघतात. धुताना शेवटच्या पाण्यात टिनोपॉल किंवा राणीपाल टाकायची पद्धत आपल्या माय-बहिणींना चांगली ठाऊक आहे. त्याने मळ निघत नाही, तरी कपडा उजळतो. तो कसा? उन्हात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. ही भुकटी ते किरण शोषून घेते आणि निळसर उजेड करून परत देते. त्यात कपड्याचा पिवळेपणा झाकला जातो. याच जातीच्या एका चकाकणाऱ्या रंगाने शास्त्रज्ञ बेडकांचा एक जीवघेणा रोग ओळखतात. त्याविषयी आज थोडे सांगतो.

हा रोग कायट्रिड नावाच्या बुरशीमुळे होतो. १९९८ साली ऑस्ट्रेलिया आणि पनामातल्या मेलेल्या बेडकांत ती सापडली. बेडूक कातडीतून पाणी घेतो, श्वासही काही प्रमाणात कातडीतूनच घेतो. आपल्या नखा-केसांत असते ते केराटिन त्याच्याही कातडीत असते, आणि ही बुरशी तिथेच वाढते. अंगातल्या क्षारांचे प्रमाण बिघडते आणि शेवटी हृदय बंद पडते. २०१९ साली जगाचा हिशोब मांडला तेव्हा निदान ५०१ जाती घटल्याचे आणि त्यांतल्या ९० नामशेष झाल्याचे दिसले. मी वाणिज्य शाखेचा कारकून माणूस. पण खात्यातून कायमचे वजा झालेले पुन्हा जमेस धरता येत नाही, एवढे मलाही कळते.

हा रोग पसरला कसा? २०२२ साली लंपी आला तेव्हा राज्यातले गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले, हे घोडेगावच्या जनावर बाजाराला येणाऱ्यांना आठवत असेल. दहा गावची जनावरे एकत्र आली की रोगही वाटला जातो. बेडकांचेही तसेच झाले. खाण्यासाठी, पाळण्यासाठी आणि प्रयोगशाळांसाठी माणसाने बेडूक देशोदेशी नेले. ही बुरशी मूळची पूर्व आशियातली, बहुधा कोरियाकडची, असे २०१८ सालच्या संशोधनातून पुढे आले.

आता रंगाची गोष्ट. बुरशीच्या पेशीची भिंत कायटिन नावाच्या द्रव्याची असते. कॅल्कोफ्लोर व्हाइट हा रंग त्याला घट्ट चिकटतो. सुती कपड्यातल्या सेल्युलोजलाही तो असाच चिकटतो. बेडकाच्या कातडीचा निघालेला पापुद्रा काचेवर ठेवायचा, रंगाचा थेंब टाकायचा आणि अतिनील उजेडाच्या सूक्ष्मदर्शकातून पाहायचे. साध्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे बुरशीच्या गोल पिशव्या निळ्या-पांढऱ्या चमकू लागतात.

पण हा रंग कुठल्याही बुरशीला चिकटतो. म्हणून खात्रीसाठी डीएनएची तपासणी करावीच लागते. शिवाय या बुरशीचे बी शेपटी हलवत पाण्यात पोहते तेव्हा त्याला भिंतच नसते, त्यामुळे ते या रंगाने उजळत नाही. त्यासाठी दुसरे रंग आहेत. एकाने जिवंत बी हिरवे दिसते, दुसऱ्याने मेलेले लाल. औषधाने किंवा उष्णतेने बी खरोखर मेले का, हे त्यावरून कळते.

आपल्या महाराष्ट्रात काय? पुण्याच्या आयसर संस्थेतले नीलेश डहाणूकर, आबासाहेब गरवारे महाविद्यालयाचे आनंद पाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली डीएनए तपासणीने दाखवून दिले की उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांत ही बुरशी आहे. तिचा हा वाण आशियातला आहे. आपल्याकडे त्याने बेडूक घाऊक मेल्याचे दिसलेले नाही. ही बुरशी १७ ते २५ अंश तापमानात चांगली वाढते, कडक उष्णता तिला सोसत नाही. म्हणजे नेवाशाच्या उन्हापेक्षा सह्याद्रीच्या गार ओढ्यांची काळजी जास्त.

तुम्ही म्हणाल, बेडकाचे आम्हाला काय? बंधूंनो, बेडूक पिकावरचे किडे खातो. बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवणे भारताने १९८७ साली बंद केले, त्यामागे हेही एक कारण होते. बेडूक कमी झाले की किडे वाढतात, किडे वाढले की फवारणी वाढते. आणि फवारणीचा पंप कुणाच्या पाठीवर असतो? मजुराच्याच ना?

म्हणून एवढे करा. एका डबक्यातले बेडूक किंवा त्यांची पिल्ले दुसऱ्या डबक्यात सोडू नका. ओढ्यात जाऊन आलात तर चपला-बूट धुऊन उन्हात कडक वाळवा, कोरडेपणात ही बुरशी टिकत नाही. पावसासाठी धोंडी काढून बेडूक बांधून मिरवू नका. पाऊस त्याने येत नाही, मुका जीव मात्र हाल सोसतो. राणीपालचे पाणी डबक्यात ओतू नका. रंग रोग दाखवतो, बरा करत नाही. ही बुरशी माणसाला लागत नाही, तेव्हा बेडकाला भिऊन मारूही नका. आणि मुलगी शास्त्र शाखेला जायचे म्हणाली तर तिला अडवू नका. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा हक्क आपल्या लेकींचाही आहे.