आधी वकील, मग टोकन

बंगळुरूला पोस्टिंग आली की पहिल्याच महिन्यात मेसमध्ये कुणीतरी ग्लास घेऊन जवळ येतो आणि विचारतो, "सर, इथे काही घेतलं की नाही?" काही म्हणजे प्लॉट किंवा फ्लॅट. 'नाही' म्हटलं की तो आधी कीव केल्यासारखं बघतो आणि मग मोबाइल काढून एक ब्रोशर दाखवतो. खाली लिहिलेलं असतं, 'फौजी बांधवांसाठी खास दर'.

आज मी या 'खास दरा'विरुद्ध लिहिणार आहे आणि आपल्या सगळ्यांच्या विरुद्धही. आपण फौजी लोक घर घेताना बेजबाबदार असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. साध्या रूट मार्चला निघायचं तरी आदल्या दिवशी रेकी करतो. पाणी कुठे, गाडी कुठे वळेल, हे वहीत लिहून घेतो. पण आयुष्यभराची कमाई ज्या जमिनीत घालायची, तिची रेकी एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सोपवतो. ऐंशी लाखांच्या व्यवहारात वकिलाला पंचवीस हजार द्यायचे म्हटलं की आपला हात थरथरतो.

हे मी वरून बोलत नाही. माझ्या नावावर दोन चुका आहेत. मोठी आधी सांगतो.

मी कंपनी कमांडर असताना माझे एक सुभेदार साहेब निवृत्तीला आले होते. मूळचे खानापूर तालुक्यातले. मुलांचं शिक्षण बंगळुरूला व्हावं म्हणून शहराबाहेर एक साइट बघितली होती. ते ऑफिसात आले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगा, घेऊ का? पलटणीतल्या बऱ्याच जणांनी घेतलीय." मी फाइलमधून मान वर न करता म्हणालो, "सगळ्यांनी घेतलीय ना? मग काय हरकत आहे." दोन मिनिटांत विषय संपला. त्यांनी फंडातून पैसे काढले.

ती साइट म्हणजे शेतजमिनीचे पाडलेले तुकडे होते, इथे त्याला 'रेव्हेन्यू साइट' म्हणतात. जमीन बिगरशेती झालेली नव्हती. खरेदीखत होत नव्हतं, म्हणून नोटरीसमोर एक करार आणि कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपलं लाडकं जीपीए. पुढे जीपीए लिहून देणारा म्हातारा वारला. मुलांनी तीच जमीन दुसऱ्याला रीतसर नोंदणी करून विकली. सुभेदार साहेब आजही कोर्टाच्या तारखा मोजतायत. फोन करतात तेव्हा अजून "जय हिंद साहेब" म्हणूनच सुरुवात करतात. एकदा शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

यात कायदा काही गूढ नव्हता. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ सांगतं की शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता विकायची तर नोंदणीकृत दस्तच लागतो, आणि नुसत्या विक्रीच्या कराराने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्वच्छ सांगितलं की जीपीए, करारनामा आणि मृत्युपत्र यांची मोळी बांधून मालकी मिळत नाही. सुभेदार साहेबांनी पैसे भरले ते या निकालानंतर. मुखत्यारपत्र देणारा मेला की साधारणपणे मुखत्यारीही संपते, हे तर कायद्याच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. कोणत्याही बऱ्या वकिलाने पंधरा मिनिटांत त्यांना परत पाठवलं असतं. वकिलाकडे जा, हे सांगायचं काम माझं होतं.

आता मेसमधल्या वेदवाक्यांकडे वळू.

"बँकेने लोन दिलंय, म्हणजे टायटल क्लिअर आहे." बँकेचा वकील बँकेचा असतो. आपलं कर्ज वसूल होईल का, एवढंच तो बघतो. बँकेकडे तुमचा पगार आहे, जामीनदार आहे. उद्या जमीन गेली तरी हप्ता तुमच्याच खात्यातून जाणार. त्याच्या अहवालात काय लिहिलंय हे तुमच्यापैकी किती जणांनी वाचलंय? मीही वाचलं नव्हतं.

"खाता आहे ना!" हा शब्द ऐकून मराठी माणूस फसतो. आपल्याला वाटतं सातबारासारखं काहीतरी भारदस्त असणार. बंगळुरूतला खाता म्हणजे महानगरपालिकेच्या वहीत कर कुणाच्या नावावर लागतो त्याची नोंद. ए खाता असो की बी खाता, तो मालकीचा दस्त नाही. बी खाता म्हणजे तर, मालमत्तेत काहीतरी अनियमित आहे, पण कर मात्र आम्ही घेतो. आता ई-खाता आल्याशिवाय शहरात दस्त नोंदवता येत नाही, हे चांगलंच झालं. पण त्याने मूळ मालकीतला दोष धुऊन निघत नाही. आणि आपला सातबारा तरी कुठे मालकीचा अंतिम पुरावा आहे? तोही महसुलाचाच कागद. या देशात सरकार दस्त नोंदवतं, मालकीची हमी देत नाही. मागचे दस्त एकामागून एक जुळवून मालकी सिद्ध करायची, ही जबाबदारी घेणाऱ्याची. वकील लागतो तो यासाठीच.

"ईसी निल आहे." ईसी म्हणजे बोजा प्रमाणपत्र. मागितलेल्या काळात त्या मिळकतीवर जे दस्त नोंदले गेले तेवढेच त्यात दिसतात. नोंदणी न केलेलं मृत्युपत्र दिसत नाही. तोंडी वाटणी दिसत नाही. मूळ कागद बँकेत ठेवून केलेलं गहाण दरवेळी दिसेलच असं नाही, म्हणून मूळ कागद डोळ्यांनी बघायचे, झेरॉक्स नव्हे. आणि कोर्टात चालू असलेला दावाही दिसत नाही. इथे महाराष्ट्रातून आलेल्यांनी विशेष सावध राहावं. आपल्याकडे मालमत्तेवर दावा चालू असेल तर त्याची नोटीस नोंदवावी लागते, तरच ती घेणाऱ्यावर बंधनकारक होते. कर्नाटकात तशी नोंदणी लागत नाही. तुम्हाला दाव्याचा पत्ताही नसला तरी निकाल तुमच्या डोक्यावर येऊन बसतो.

"बिल्डर एक्स-सर्व्हिसमन आहे." असेल. मला त्याची डिस्चार्ज बुक नको, मदर डीड दाखवा.

आता माझी दुसरी चूक. सध्या मी मल्लेश्वरममध्ये भाड्याने राहतो, काडू मल्लेश्वराच्या देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर. या देवळाचा १६६९ चा शिलालेख आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजी यांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव या देवाला दिल्याची नोंद त्यात आहे. कोणी दिलं, काय दिलं, कुणाला दिलं, सगळं दगडावर. मराठी माणूस म्हणून मी पाहुण्यांना ते अभिमानाने सांगतो. त्याच गल्ल्यांत एका जुन्या घराच्या जागी उभ्या राहणाऱ्या छोट्या इमारतीतला फ्लॅट बायकोला आवडला. मागे चाफ्याचं झाड होतं. मी त्याच संध्याकाळी दोन लाख टोकन दिलं. वकिलाकडे गेलो आठ दिवसांनी.

वकील बाईंचं ऑफिस एका घराच्या वरच्या मजल्यावर. इथेच वाढलेल्या, पंचविसेक वर्षं फक्त मालमत्तेची कामं करणाऱ्या. त्यांनी बिल्डरने दिलेली फाइल बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "सर, ही त्यांना दाखवायची असलेली फाइल. मी माझी बनवते." दुय्यम निबंधकांकडून जुन्या दस्तांच्या सही-शिक्क्याच्या नकला काढल्या. बिल्डरच्या वंशवृक्षात मूळ मालकाला दोन मुलगे होते. १९९१ च्या हस्तलिखित कन्नड दस्तात तिसरं नाव होतं, एका अज्ञान मुलीचं. बिल्डरबरोबरच्या करारावर तिची सहीच नव्हती. वडील मृत्युपत्र न करता वारलेले. म्हणजे मुलीचा हिस्सा मुलांइतकाच. लग्न झालं, सासरी गेली, हे सगळं गैरलागू.

बाई म्हणाल्या, "मला दस्त वाचायच्या आधीच शंका होती. ती मुलगी माझ्या धाकट्या बहिणीच्या वर्गात होती. पण आठवण हा पुरावा नसतो, म्हणून कागद काढला."

मी व्यवहार सोडला. दोन लाखांपैकी एक परत मिळाला, तोही चार महिने मागे लागल्यावर. बाईंची फी बुडालेल्या लाखाच्या चौथाईपेक्षा कमी होती.

म्हणून मी 'स्थानिक' वकिलावर जोर देतो. मुंबईत सॉलिसिटर ही वेगळी जमात आहे. इथे सगळे अ‍ॅडव्होकेटच. मग निवडायचा कसा? पाटी आणि जाहिरात बघून नाही, कारण बार कौन्सिलच्या नियमाने वकिलाला जाहिरात करताच येत नाही. जो करतो, त्याच्यापासून लांब राहा. त्याच भागात गेल्या दोन-तीन वर्षांत घर घेतलेल्या चार माणसांना विचारा. वकिलाला सरळ विचारा: जुनी कन्नड कागदपत्रं तुम्ही स्वतः वाचता का? तीस वर्षांची साखळी तपासणार का? जमीन कधी सरकारने कुणा दलित किंवा आदिवासी कुटुंबाला दिलेली होती का, हे बघणार का? कारण तशी जमीन परवानगीशिवाय घेतली तर १९७८ च्या कर्नाटक कायद्याने ती परत जाऊ शकते. लेखी मत सहीनिशी देणार का? फी किती, आणि 'नका घेऊ' असं सांगितलं तरी तेवढीच का? व्यवहार झाला तरच पैसे घेणारा वकील व्यवहार करवणारच. आणि एकच वकील विकणाऱ्याचा आणि तुमचा, ही 'सोय' हात जोडून नाकारा.

कुणी म्हणेल, वकीलही फसवतात. खरं आहे. 'मूळ कागदांच्या अधीन राहून' असं लिहिलेली दीड पानाची मतं मी पाहिली आहेत, त्यांची किंमत कागदाएवढीच. पण वाईट डॉक्टर असतात म्हणून कुणी फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स सोडून मेसच्या कुकला टाके घालायला सांगत नाही. कुणी म्हणेल, सरकारनेच मालकीची हमी द्यावी. द्यावी. पण तोवर तुमचा फंड कुणाच्या भरवशावर ठेवायचा, तेवढं सांगा.

आपल्यासाठी खास दोन गोष्टी. सियाचीनला असताना बंगळुरूचा दस्त करायचा असेल, तर साध्या कागदावर सही करून बायकोला पाठवू नका. दस्त तुमच्या वतीने नोंदणीला सादर करायचं मुखत्यारपत्र, नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे, तुम्ही राहता तिथल्या निबंधकासमोर करावं लागतं. म्हणून सुट्टीतच करून ठेवा. दुसरं, १९२५ चा इंडियन सोल्जर्स लिटिगेशन अ‍ॅक्ट. विशेष किंवा युद्धाच्या परिस्थितीत सेवा करणाऱ्या सैनिकाविरुद्धचा दावा कोर्ट स्थगित ठेवू शकतं, आणि तो काळ मुदतीतून वगळला जातो. शंभर वर्षं जुना कायदा आपल्यासाठी आहे आणि आपल्या दहा सीओंपैकी नऊ जणांनी त्याचं नाव ऐकलं नसेल, अशी माझी पैज.

माझी मागणी मोठी नाही. सैनिक संमेलनात आपण उष्माघातावर बोलतो, रस्ते अपघातांवर बोलतो, सायबर फसवणुकीवर बोलतो. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या प्रत्येक जवानासाठी यात वीस मिनिटं घाला. एक स्थानिक वकील बोलवा. आणि यापुढे कुणी ऑफिसात येऊन विचारलं, "साहेब, घेऊ का?", तर फाइल बंद करा आणि विचारा, "वकिलाचं लेखी मत आणलंय?"

सुभेदार साहेबांची पुढची तारीख पंधरवड्यावर आहे. एक दिवसाची कॅज्युअल लीव्ह टाकली आहे. कोर्टात माझा उपयोग काही नाही, पण शेजारी बसायचं तरी मी देणं लागतो.